तिळातिळाने वाढणारा दिवस



आज आधी माझी एक चूक सांगतो. चालीरीती, पंचांग, इतिहास हे सगळे तिच्या मागून येईल. नारदांच्या गादीवर उभे राहून केलेली चूक घरात केलेल्या चुकीपेक्षा मोठी असते, कारण ती शेकडो लोक घरी घेऊन जातात.

सुमारे २५ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हर्सूलला संक्रांतीच्या रात्री कीर्तन होते. उत्तररंगात मी नेहमीचा दृष्टांत घेतला. कालची रात्र वर्षातली सर्वांत मोठी, आज सूर्यनारायण वळला, आजपासून दिवस वाढू लागला. तसा जीवाच्या अज्ञानाच्या रात्रीलाही गुरुकृपेचा एक दिवस असतो. दृष्टांत चांगला होता, मृदंग रंगला होता, लोक माना डोलवत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, आमच्या पुस्तकात तर बावीस डिसेंबर लिहिलंय."

मी म्हणालो, "बाळ, पुस्तकं छापणारे काल जन्मले. सूर्यनारायण त्यांना विचारून वळत नाही." सभा हसली, टाळकरी हसले, आणि मीही हसलो. तिच्या मायने तिचा हात ओढून तिला खाली बसवले. मान घालून ती तशीच बसून राहिली. पुढे पसायदान झाले, तिळगूळ वाटला, लोक पाया पडून गेले.

घरी येऊन पंचांग काढले ते दुसऱ्याच कामासाठी. त्र्यंबकेश्वरच्या पौष वारीची एकादशी कोणत्या वारी येते ते पाहायचे होते. तारीख पाहता पाहता नजर दिनमानाच्या रकान्यावर गेली. दिनमान म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ. जुन्या मापाने अहोरात्राच्या ६० घटी, एक घटी २४ मिनिटांची. तळाला छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडायचे. ते बुडाले की एक घटी झाली. माझ्या लहानपणापर्यंत लग्नाची वेळ अशीच मोजत. आपल्या भागात उन्हाळ्याच्या टोकाला दिनमान ३३ घटींच्या जवळ जाते आणि हिवाळ्याच्या टोकाला २७ घटींच्या आसपास उतरते. सहा घटींचा हा फरक मी तोंडपाठ सांगत असे, पण तो रकाना ओळीने कधी वाचलाच नव्हता. त्या रात्री वाचला. सर्वांत लहान आकडे २१, २२ डिसेंबरच्या ओळींना होते. संक्रांतीच्या ओळीला दिवस चांगला वाढलेला दिसत होता. माझ्या ट्रंकेत ३० वर्षांची पंचांगे होती, आणि त्या सगळ्यांत हेच लिहिले होते.

माउली, त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगी बरोबर होती, आणि मी शास्त्राचे नाव घेऊन तिला गप्प बसवले होते. शास्त्र तर तिच्याच बाजूने उभे होते.

पुढच्या काही वर्षांत या गोष्टीच्या मागे लागलो. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो. सूर्य दोन प्रकारांनी मोजता येतो. एक, तो उगवताना क्षितिजावर कुठे आहे. दक्षिणेकडे सरकत सरकत तो एका जागी थबकतो आणि परत फिरतो, तो दिवस २१ किंवा २२ डिसेंबर. दुसरा प्रकार म्हणजे तो कोणत्या ताऱ्यांच्या घरात आहे. मकर राशीत त्याचा प्रवेश झाला की आपली संक्रांत. एके काळी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होत. सहाव्या शतकात वराहमिहिराने स्पष्ट नोंद केली आहे की आपल्या काळी उत्तरायण मकराच्या आरंभी लागते, आणि पूर्वीच्या शास्त्रांत ते वेगळ्या ठिकाणी सांगितलेले आहे. त्याहून जुने वेदांगज्योतिष उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्रापाशी ठेवते. म्हणजे हा बिंदू सरकतो हे आपल्या पूर्वजांनी लपवून ठेवले नाही, लिहून ठेवले. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डोलतो, म्हणून ताऱ्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा २० मिनिटांनी मोठे पडते. २० मिनिटांचे ७० वर्षांत जवळजवळ एका दिवसाचे अंतर होते.

या हिशेबाने माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली त्या शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, खरा लहान दिवस आणि संक्रांत यांच्यात सुमारे १४ दिवसांचे अंतर पडले होते. पैठणला नाथमहाराजांच्या काळी ते १८ दिवसांच्या आसपास गेले. आज ते २३-२४ दिवसांचे आहे.

इंग्रजी तारखाही यामुळेच सरकत जातात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज कोणी १२ तारखेला तिळगूळ वाटला तर लोक हसतील. आता संक्रांत १४ ला येते, काही वर्षी १५ ला. यावरून एक दुसरी समजूतही तपासून पाहा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. मराठे त्या दिवशी उपाशीपोटी बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत एक पिढी कापली गेली. ते संक्रांतीच्या दिवशी घडले, म्हणून आपण 'संक्रांत कोसळली' म्हणतो, असे मीही कीर्तनात सांगत असे. पण १८६३ ला संक्रांत १२ तारखेला असेल, तर त्याच्या १०० वर्षे आधी ती १४ ला कशी असणार? त्या वर्षी ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. तारीख खरी, दुःख खरे, सण मात्र आपण मागाहून चिकटवला.

तुम्ही विचाराल, बुवा, मग आपली संक्रांत खोटी का? धुंधुरमास, भोगी, तिळगूळ हे सगळे चुकीच्या दिवशी करतो का? हा प्रश्न मलाही बरेच दिवस टोचत होता. त्याचे उत्तर मला पोथीत सापडले नाही. ते आमच्या हर्सूलच्या गच्चीवर आणि आजीच्या चुलीपाशी सापडले.

आधी गच्चीचे सांगतो. कीर्तने कमी झाल्यावर मी एका वर्षी वही घेऊन सूर्योदय टिपायला लागलो. आमच्याकडे २२ डिसेंबरला सूर्य साधारण सातला उगवतो आणि पावणेसहानंतर दहा मिनिटांच्या आत मावळतो. दिवस सुमारे १० तास ५५ मिनिटांचा. जूनच्या मोठ्या दिवसाशी ताडून पाहिला तर जवळजवळ अडीच तासांनी लहान. आता गंमत पाहा. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढतो हे खरे, पण तो सकाळी वाढत नाही. सूर्योदय आणखी उशिरा होत जातो, संक्रांतीच्या सुमारास सात वाजून सात मिनिटांपर्यंत. वाढते ती संध्याकाळ, आणि तिने तर नोव्हेंबर संपता संपताच लांबायला सुरुवात केलेली असते. या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळून, जरा वेगाने जाते. तिचा आसही कललेला आहे. या दोहोंमुळे मध्यान्हच रोज अर्ध्या मिनिटाने पुढे सरकतो, आणि त्याच्याबरोबर सकाळही ढकलली जाते. २२ डिसेंबर ते १४ जानेवारी या २३ दिवसांत दिवस उणापुरा सात मिनिटांनी वाढतो, तोही संध्याकाळच्या बाजूने. सकाळ वळते ती संक्रांतीपाशी.

आता सांगा, शेतकऱ्याचा, वारकऱ्याचा दिवस कुठून मोजायचा? जो झुंजुरक्याला उठून बैल सोडतो, जो पहाटे काकडा लावतो, त्याला सूर्य वळला हे सकाळीच कळणार. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' हे ती दरवर्षी म्हणायची. मी हिशेब केला. संक्रांतीच्या सुमारास दिवस रोज अर्ध्या मिनिटाने वाढतो. त्या अर्ध्या मिनिटाला तिळाएवढे म्हणणाऱ्या बायकांनी घड्याळ पाहिलेले नव्हते.

आता चुलीकडे येतो.

तेव्हाचे हर्सूल म्हणजे शहराच्या दिल्ली दरवाजातून बाहेर पडून अजिंठ्याच्या रस्त्याला लागल्यावर येणारे गाव. खाम नदी, तिच्यावरचा तलाव, हरसिद्धी मातेचे देऊळ, कारागृहाची भिंत, आणि जटवाड्याच्या डोंगरापर्यंत रान. बाजरी निघालेली, ज्वारी पोटऱ्यात किंवा कणसावर. डोंगराकडून येणारा वारा असा की गोधडीच्या आत कानात शिरायचा.

सूर्याने धनू राशीत पाऊल टाकले, म्हणजे १६ डिसेंबरच्या आसपास, की आजी जाहीर करायची, "झुंजुरमास लागला." पंडित त्याला धनुर्मास म्हणतात, पंचांगात कोणी धुंधुरमास लिहितात, आमच्याकडे पहाटेच्या अंधुक उजेडाला झुंजुरकं म्हणतात आणि त्या वेळी जेवायचा महिना तो झुंजुरमास. महिनाभर रोज ज्याला जमेल त्याने रोज, नाही तर एक दिवस तरी, सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करायचा. उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि घरच्यांनी तिथेच जेवायचे. मुगाच्या डाळीची ऊन ऊन खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत, आणि सगळ्या शेंगा-दाण्यांची लेकुरवाळी भाजी. त्या भाजीत वालपापडी, पावटा, हरभऱ्याचे सोले, गाजर, वांगी, शेंगदाणे, कधी चार बोरे. भोगीच्या दिवशी पुन्हा हेच. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण त्या दिवशी प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू यायची, बहुधा गाजर बाजूला काढणाऱ्या पोराला उद्देशून.

शास्त्राचा अर्थ असा सांगतात. उत्तरायण म्हणजे देवांचा दिवस, दक्षिणायन म्हणजे देवांची रात्र. आपले एक वर्ष म्हणजे त्यांचे एक अहोरात्र. त्या हिशेबाने आपला एक महिना त्यांचे दोन तास. मग उत्तरायणाच्या आधीचा हा महिना म्हणजे देवांच्या सूर्योदयाआधीचे दोन तास, त्यांची पहाट. म्हणून या महिन्यात पहाटेच्या पूजेला मोल. तमिळ देशात याच महिन्यात आंडाळची ३० पदांची तिरुप्पावै पहाटे देवळादेवळांत गातात. आपल्याकडे कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव काकडा चालतो, तो याच पहाटेच्या ओढीचा. फक्त आपण थंडीच्या तोंडाला आटोपतो आणि ते ऐन थंडीत गातात. खरे सांगायचे तर कडाक्याच्या पहाटे अंघोळ करून उभे राहण्यात ते आपल्यापेक्षा सरस म्हणायला हवेत. पण त्यांच्याकडे थंडी तरी कितीशी, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालतो.

आजीचा अर्थ निराळा होता. त्या काळी रॉकेल मोजून मिळायचे. चिमणी जास्त जाळायची नाही म्हणून दिवेलागणीलाच जेवणे उरकायची. सहाला जेवलेले पोट आणि १३ तासांची रात्र. उन्हाळ्यात एवढ्या वेळात माणसाची दोन जेवणे होतात. सकाळची न्याहारी शेतात जाईपर्यंत नाही. म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी उपाशी मुदत ही याच दिवसांत पडायची, आणि थंडीत अंगाला अन्न तर जास्त लागते. धर्माने तिथे पहाटेचे जेवण आणून ठेवले, तेही तीळ, बाजरी, लोणी असे अंगात ऊब धरणारे. हा योगायोग म्हणा किंवा कोणा जाणत्या बाईची सोय म्हणा. मी तरी तिला सोय म्हणतो, कारण आजीच्या वाढण्याचा क्रम मी पाहिला आहे. नैवेद्य सूर्याला, पण पहिले ताट घरातल्या कोणालाच नाही. ते राखणीहून परतणाऱ्या सालगड्याला. कणसात दाणा भरत असताना रानडुकरे रात्री आणि पाखरे पहाटे पीक खातात, म्हणून तो रात्रभर माळ्यावर गोफण घेऊन बसलेला असायचा. घोंगडी दवाने जड झालेली, दाढीवर पाणी. तो ओसरीवर बसायचा, आणि आजी भाकरीवर लोणी ठेवताना म्हणायची, "रात्र त्याची मोठी झालीय, आपली नाय." वडिलांना एकदा घाई होती म्हणून त्यांनी आधी ताट मागितले. आजी काही बोलली नाही, पण ताटही दिले नाही.

मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, लातूर-धाराशिवकडे, याच दिवसांत वेळा अमावस्या असते. तिकडचे लोक येळवस म्हणतात. मार्गशीर्ष अमावस्येला गाव ओस पडते आणि सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मी पूजायची, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवायचा, आंबील पिकावर शिंपडायची. जो वाटेने जाईल त्याला बोलावून जेवू घालायचे. अंधार पडताना पेटती चूड घेऊन पिकाभोवती फिरायचे. लातूरकडच्या एका सप्ताहाला गेलो असताना मी हे पाहिले. परतताना बैलगाडीतून पाहावे तिकडे शिवारभर त्या चुडी हलताना दिसत होत्या. आमच्या हर्सूलकडे ही चाल नाही; आमच्याकडे चंपाषष्ठीला भरीत-रोडगा आणि साताऱ्याच्या खंडोबाला जाणे. एकाच मराठवाड्यात थंडीचा सण बदलतो.

असे करणारे आपण एकटेच नाही. इराणात वर्षातली सर्वांत मोठी रात्र यल्दा म्हणून जागवतात; डाळिंब, कलिंगड, सुकामेवा मांडून घरातली वडीलधारी मंडळी हाफिजची कविता वाचतात. युरोपात स्वीडन देशात तर आपल्या संक्रांतीसारखेच झाले आहे. तिथे १३ डिसेंबरला डोक्यावर दिवे घेऊन मुली निघतात, कारण जुन्या पंचांगाप्रमाणे एके काळी तीच मोठी रात्र होती. १७५३ मध्ये त्यांनी पंचांग सुधारले, पण दिव्यांची रात्र जागची हलवली नाही. आपल्या सरकारनेही २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका चालू केली, मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून. तिच्यात पौष महिना बरोबर २२ डिसेंबरला सुरू होतो, सूर्य वळल्यावर. आकाशवाणीवर ती तारीख मी वर्षानुवर्षे ऐकली आणि कधी विचार केला नाही की ही कोणती. सण मात्र त्या पौषाला कोणी नेऊन बांधला नाही.

आता आपल्या संप्रदायाकडे वळतो. पंढरीत कार्तिकीनंतरची प्रक्षाळपूजा झाली की थंडीभर देवाला उबदार शाल पांघरतात, कानाला कानपट्टी बांधतात. मार्गशीर्षात तर देव राऊळात नसतोच अशी आपली श्रद्धा. माउलींनी आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, त्या विरहाने पांडुरंग महिनाभर गोपाळपुराजवळ चंद्रभागेतल्या विष्णुपदावर जाऊन राहिला, असे परंपरा सांगते. म्हणून या महिन्यात लोक होडीने, पायी विष्णुपदाला जातात, शिदोऱ्या सोडून वनभोजन करतात, आणि महिना सरला की देवाला वाजतगाजत परत आणतात. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत आपला देव शोक करायला घराबाहेर पडतो आणि भक्त त्याच्याबरोबर जेवायला जातात. दुःख झालेल्या घरी आपण पिठले-भाकरी घेऊन जातो तसेच मला हे वाटते.

आणि येथेच एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. भीष्माचार्य शरपंजरी ५८ रात्री पडून राहिले, उत्तरायणाची वाट पाहत. गीतेच्या आठव्या अध्यायात उत्तरायणात जाणाऱ्याची गती सांगितली आहे. या आधारावर आमच्याकडे मरणाऱ्याच्या घरच्यांना फार भीती घालतात. 'पौषात गेला हो', 'दक्षिणायनात गेला हो' असे बाहेर कुजबुजतात आणि आत म्हातारी रडत असते. मी स्वतः असल्या घरी बसलो आहे. पण पाहा. माउली गेले कार्तिक वद्यात, शके १२१८. दक्षिणायन. नामदेवराय पंढरीच्या पायरीशी गेले आषाढ वद्य त्रयोदशीला. दक्षिणायन. नाथमहाराज फाल्गुन वद्य षष्ठीला आणि तुकोबाराय फाल्गुन वद्य द्वितीयेला गेले, ते उत्तरायण. यात कोणाची गती कमी आणि कोणाची जास्त, असे म्हणायची कोणाची छाती आहे? गीतेतही त्या दोन वाटा सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात की या वाटा जाणणारा योगी मोहात पडत नाही, आणि माउली त्याच्यावर बोलताना अयनाची चिंता पुसूनच टाकतात. हे ज्यांच्या घरी कोणी थंडीत गेले आहे त्यांनी कोणाही बुवाला बिनधास्त सांगावे.

पौषाला भाकड महिना म्हणून लग्नकार्ये टाळतात, ते टाळोत. रब्बीची कामे आणि राखण सोडून मांडव घालायला कोणाला वेळ होता? पण संक्रांत जवळ आली की दरवर्षी उठणारे ते नवे पीक, की यंदा देवी अमुक वाहनावर आली म्हणून तमुक रंगाची बांगडी घालू नये, एकुलता मुलगा असेल तर अमुक दान करावे, त्याला मात्र शास्त्रात जागा नाही. बांगड्यांच्या दुकानात असेल.

आपल्या वारकऱ्याचा पौष भाकड नसतोच. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा त्र्यंबकेश्वरी भरते. नगर, नाशिक, संभाजीनगर, सगळीकडून दिंड्या थंडीत पायी निघतात. या एकादशीचे नाव षट्‌तिला. सहा प्रकारे तीळ वापरायचे: पाण्यात घालून स्नान, अंगाला उटणे, होम, तर्पण, खाणे आणि दान. मी ही वारी १८ वर्षे केली. दिंडीत आम्ही गमतीने सातवा प्रकार म्हणायचो, टाचेच्या भेगांत तिळाचे तेल. सिन्नरच्या पुढे पहाटे असा गारठा पडायचा की टाळ हातात धरवत नसे. वाटेत शेतकरी रस्त्याकडेला शेकोट्या पेटवून ठेवायचे, हुरडा भाजून पुढे करायचे. 'माउली, दोन घटका बसा.' बसलो की उठवत नसे. निवृत्तिनाथ वयाने आणि ज्ञानाने माउलींचे थोरले. थोरल्या भावाच्या दारी थंडीत जायचे, हे मला नेहमी बरोबर वाटत आले.

आता हर्सूल बदलले. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे गाव शहरात गेले. आमच्या ज्वारीच्या पट्टीवर तीन मजली इमारती आहेत. राखणीचा माळा नाही, पण राखण आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका इमारतीचा रखवालदार रात्रभर पुठ्ठे पेटवून बसलेला असतो. परभणीकडचा माणूस आहे. धनुर्मासात माझी सून पहाटे खिचडी टाकते तेव्हा पहिली थाळी झाकून त्याच्याकडे जाते. तिने आजीला पाहिलेले नाही. मी कधी सांगितले असेन. तो पहिल्या वर्षी म्हणाला, "काका, आज काय हाये?" मी म्हणालो, "काही नाही, झुंजुरमास." त्याने लगेच ओळखले. "आमच्याकडं बी माय करायची."

त्या मुलीचे सांगायचे राहिले. पुढच्या वर्षी संक्रांतीचे कीर्तन मी मागून घेतले. पूर्वरंगातच पंचांग हातात घेऊन उभा राहिलो आणि सांगितले की गेल्या वर्षी या गादीवरून मी चुकीचे बोललो, ती लेक बरोबर बोलली होती. खरा लहान दिवस २२ डिसेंबरचा, आणि आपली सकाळ वळते ती आज. काही लोकांना ते आवडले नाही. एक जाणते गृहस्थ नंतर म्हणाले, "महाराज, गादीवरून माफी मागू नये, लोकांची श्रद्धा उडते." मी बायकांच्या बाजूला पाहत होतो. ती तिथे नव्हती. चौकशी केली तर कळले, वडिलांच्या कामामुळे ते घर उन्हाळ्यातच गाव सोडून गेले होते. कुठे, ते शेजाऱ्यांनाही नीट सांगता आले नाही.

ती आज ३५ च्या आसपास असेल. हे मासिक तिच्या सासरी किंवा माहेरी येत असेल, तिची माय वाचत असेल, म्हणून हे लिहिले. बाई, तुझ्या पुस्तकातले बरोबर होते. माझी सूर्योदयाची वही अजून चालू आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून नातू वेळ सांगतो आणि मी लिहितो. गेल्या संक्रांतीला सात वाजून सात मिनिटे झाली होती. रामकृष्णहरी.